दोनशे नव्वदचा खण

शेडमधला हीटर आधी खोकतो, मग पेटतो.
बाहेर उणे एकोणीस. बिगहॉर्नचे डोंगर
दिसत नाहीत, आहेत एवढंच ठाऊक.
शाळेची बस लावून मी थेट इकडे आलेय,
बूटसुद्धा काढलेले नाहीत.

या हिवाळ्यात प्रेसचा दांडा माझ्याकडे आला.
त्याबद्दल आम्ही काहीच बोललो नाही.
ऑक्टोबरात बाबांच्या हातून बंदुकीची दारू सांडली,
बाकभर काळे दाणे.
त्यांनी ब्रशने एकेक गोळा केला,
आणि दुसऱ्या दिवशी बघते तर स्टूल
माझ्या उंचीला आणून ठेवलेलं.

पन्नास पुंगळ्या. त्यांच्याच रायफलीतून
सहा-सहा वेळा उडालेल्या, मानेला काजळी.
बार होतो तेव्हा पितळ फुगतं, चेंबरच्या भिंतीला टेकतं
आणि तिथलं माप अंगावर घेऊन बाहेर येतं.
"अंगाला हात लावू नकोस," बाबा म्हणतात,
"खांद्यालाही नाही. बसलंय तसं बसू दे.
फक्त मान."

फक्त मान. तीही पुरती नाही;
खांद्यालगत एक बारीक पट्टी तशीच राहते,
रुंद, हट्टी, जुन्या मापाची.

भरलेल्या काडतुसाची मान भरते
दोनशे त्र्याण्णव हजारांश इंच.
"दोन वजा कर पकडीसाठी. आणखी एक,
कारण पितळ दाबलं की थोडं माघारी येतं.
सगळेच येतात."
म्हणजे दोनशे नव्वद.

बुशिंगची पेटी लाकडी, त्यांनीच कोरलेली,
प्रत्येक खणाखाली पेन्सिलीने आकडा.
अठ्ठ्याऐंशी आहे. एकोणनव्वद आहे. एक्याण्णव आहे.
नव्वदच्या खणात
त्यांची लग्नाची अंगठी.

मी मागे वळत नाही.

"सैल झाली," पाठीमागून आवाज येतो.
"दोनदा बेसिनात गेली. तो खण रिकामाच होता.
नव्वद ऑस्ट्रँडरने नेली, एल्कच्या हंगामाआधी,
चार वर्षं झाली."
आणि मग खरोखर चिडून,
"माणूस उसनी शिडी परत करतो. बुशिंग नाही."

नको तेव्हा मला हसू येतं.
हातात मायक्रोमीटर आहे. अंगठी धरून बघावी,
आईने ती चढवली तेव्हा बोट केवढं होतं.
नाही बघत.

एक्याण्णव उचलते. आकडा खाली करून डायमध्ये सोडते,
वरचा स्क्रू टेकवते, मग जरासा मागे.
बाबा हात पुढे करतात. डाय कानाशी नेऊन हलवतात
(हलवायची गरज नाही, हात आता आपोआप हलतो).
आत टकटक. बारीक, कोरडी.

"मोकळी आहे. चालेल.
आवळून बसवलीस तर ती स्वतःला शहाणी समजते,
मान वाकडी करते.
जागा दे, मग मान कुठेय ते तीच शोधते."

दांडा खाली. मध्येच थोडा अडतो,
थंडीत फुगलेल्या दारासारखा, मग जातो.
एक. दोन. अकराव्यानंतर मी मोजणं सोडते.

पहिल्या पुंगळीत गोळी बसवून त्यांच्याकडे देते.
एकच हजारांश पकड, फार कमी वाटते मला.
ते टोक बाकावर टेकवून दाबतात,
अंगठा पांढरा होईपर्यंत.
गोळी हलत नाही.
"एल्कला कुठे आकडे कळतात," म्हणतात,
आणि खुर्चीतच डोळे मिटतात.

पेटी बंद करते तेव्हा
नव्वदच्या खणात काहीतरी एकदा वाजतं.

ऑस्ट्रँडरची नात माझ्याच बसमध्ये असते,
तिसऱ्या बाकावर, खिडकीशी, नेहमी एक हातमोजा हरवलेली.
उद्या सहा-पन्नासला ती चढेल.
तिच्याकडे निरोप देता येईल
की आजोबांना विचार,
आमची एक बुशिंग राहिलीय तुमच्याकडे.

देणार नाही.